सतरा अंश डावीकडे

जाहिरात सूचनाफलकावर, हरवलेल्या छत्रीच्या चिठ्ठीखाली, अर्धी झाकली गेली होती. माझी छत्री हरवलेली नव्हती. पण फलकावरचा प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचायची मला सवय आहे, म्हणून मी छत्री वर उचलली आणि खालचं वाचलं. ‘बिनतारी दळणवळणासाठी अनुकूली अँटेना : पीएच.डी. संशोधनाच्या तीन जागा.’ संशोधन संस्था आमच्याच गावातली. खाली सात अटी होत्या. सातवी अशी : प्रवेशाच्या दिवशी उमेदवाराच्या वयाची पंचेचाळीस वर्षे पूर्ण झालेली नसावीत.

मी तिथेच उभी राहून बोटं मोजली. प्रवेशाच्या दिवशी मला पंचेचाळीस पूर्ण व्हायला अकरा दिवस बाकी असणार होते.

एकवीस वर्षं मी तंत्रनिकेतनात मुलांना अँटेना शिकवते आहे. त्यातली वीस वर्षं ‘पीएच.डी. पुढच्या वर्षी’ असं म्हणण्यात गेली. आता पुढचं वर्ष नावाची वस्तूच उरली नव्हती. मी छत्रीची चिठ्ठी होती तशी नीट टाचली आणि वर्गावर गेले. त्या तासाला मी काय शिकवलं ते मुलांना आठवत असेल तर असो, मला आठवत नाही.

घरी जेवताना मी सगळं सांगितलं. आमच्याकडे सगळं म्हणजे अँटेनापासून सांगावं लागतं. “गोंगाट चाललेल्या खोलीत आपण एकाच माणसाचं ऐकायचं ठरवलं,” मी म्हणाले, “की बाकीचे आवाज मागे पडतात ना? साध्या अँटेनाला ते जमत नाही. तो सगळ्यांचंच ऐकतो. पण चार अँटेना ओळीनं उभे केले आणि चौघांचं ऐकलेलं हिशेबानं मागेपुढे करून एकत्र केलं, तर ते जागचे न हलता हव्या त्या दिशेला कान देतात. मध्ये काही आडवं आलं तर आपले आपण जुळवून घेतात.”

“म्हणजे मी,” आमचे हे म्हणाले. “तू बोलत असलीस की मला बरोबर टीव्ही ऐकू येतो.”

“तुझा कान जुळवून घेत नाही रे,” सासूबाई म्हणाल्या. “तो एकाच दिशेला गंजलाय. तू सांग गं, पुढे.”

पुढे असं होतं, की अर्जासोबत उमेदवाराने स्वतः घेतलेली सलग तीस दिवसांची मोजमापं जोडायची होती. त्यासाठी गच्चीत अँटेना उभे करायला हवे होते, आणि त्यासाठी आमच्या इमारतीच्या चिटणीसांची परवानगी. शिवाय तंत्रनिकेतनाचा ना हरकत दाखला.

दाखल्यापासून सुरुवात केली, कारण मला वाटलं ते सोपं. आस्थापना विभागातले कारकून चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, “हा अँटेना जुळवून घेतो म्हणता. कोणाशी?”

“परिस्थितीशी.”

“मॅडम, एकवीस वर्षं तुम्ही इथे आहात. जुळवून तर तुम्हीच घेतलंय. अँटेना कशाला?”

त्यांनी दाखल्याचा छापील नमुना काढला. हरकत नसण्याची कारणं त्यात छापलेलीच होती : घरबांधणी, परदेशप्रवास, निवडणूक, वैद्यकीय. संशोधन त्यात नव्हतं. तंत्रनिकेतनातल्या कोणाला संशोधन करावंसं वाटेल, हे नमुना छापणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. “नवीन रकाना करायचा तर मुख्यालयाला लिहावं लागेल,” कारकून म्हणाले, “चार महिने धरा.” माझ्याकडे एकूण नऊ आठवडे होते. त्यांनी खूप विचार केला, मग ‘वैद्यकीय’च्या मागे सुबक अक्षरात ‘इतर’ लिहिलं आणि शिक्का मारला. मला मिळालेला दाखला असा : सदर कर्मचाऱ्यास इतर वैद्यकीय कारणास्तव पीएच.डी. करण्यास या कार्यालयाची हरकत नाही.

मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. काही कागद घडी केलेलेच बरे दिसतात.

चिटणीस आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे इमारतीच्या नियमांची पुस्तिका आहे. ती त्यांनीच लिहिलेली असल्यामुळे तिच्यात चूक असणं शक्य नसतं. त्यांच्याकडे नेहमीप्रमाणे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. त्यांना आम्ही घरात ‘अनुभवी’ म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘अनुभवावरून सांगतो’ असं सुरू होतं.

“गच्चीत तीनच गोष्टींना मुभा आहे, वहिनी,” चिटणीसांनी पान उघडून दाखवलं. “पाण्याची टाकी, टीव्हीची तबकडी, आणि कपडे वाळत घालण्याची सोय. तुमचं यातलं काय?”

“यातलं काहीच नाही. संशोधनाचं साधन आहे.”

“गोल आहे का? गोल असेल तर तबकडीत घालतो.”

मी आकृती पुढे केली. जमिनीपासून पाच फूट उंचीवर एक आडवा पाइप, दोन्ही बाजूंना पाय, आणि पाइपावर साडेचौतीस सेंटिमीटर अंतरानं उभ्या चार काड्या.

“अनुभवावरून सांगतो,” अनुभवी म्हणाले, “याचं तोंड पूर्वेला ठेवा.”

“याला तोंड नसतं, काका. हे आपलं आपण लक्ष वळवतं.”

“तेच म्हणतोय. वळवू देऊ नका. सवय लागते.”

चिटणीस आकृती उलटसुलट करून बघत होते. एकदम त्यांचा चेहरा उजळला. “वहिनी, हे तर कपडे वाळत घालायचं स्टँड झालं की! आडवा पाइप, दोन पाय. या काड्या काय, चिमटे समजू.” आणि त्यांनी तिसऱ्या प्रकारात नोंद करून परवानगीपत्र दिलंसुद्धा. त्यात पाच कलमं होती. चौथं कलम : सोयीचा वापर नोंदीप्रमाणेच व्हावा. मी ते वाचलं होतं. मी सगळं वाचते. त्याचा अर्थ लावायचा तेवढा राहिला.

पुढच्या रविवारी यांनी आणि मी मिळून तो सांगाडा गच्चीत उभा केला. यांनी म्हणजे यांनी पाइप धरला आणि पाठ कशी दुखते ते सांगितलं. निरोप पाठवणारा लहानसा प्रेषक मी तंत्रनिकेतनातल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला होता, आमच्या गच्चीपासून सरळ रेषेत नऊशे मीटर. तो दर सेकंदाला एक ठरावीक निरोप पाठवायचा. गच्चीतले चार अँटेना तो ऐकायचे, आणि आपला कान कुठल्या दिशेला लागला आहे याची नोंद लिफ्टच्या खोलीतला संगणक करायचा. कान सरळ प्रेषकाकडे असेल तर शून्य अंश. मी सकाळी नऊला कामावर जायची, पाचला परत यायची, कपडे न बदलता वर जाऊन दिवसाची नोंद उतरवून घ्यायची. सांगाडा एकटा उभा असायचा. त्याच्याकडे बघून बरं वाटायचं.

पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत शून्य, आणि मग आलेख एकदम सतरा अंश डावीकडे गेला.

मला वाटलं, काहीतरी सैल झालं असेल. सगळे जोड तपासले. तिसऱ्या दिवशी दहा वीसला पुन्हा सतरा अंश डावीकडे. आणि तिथून तो हळूहळू, अतिशय सुंदर वळण घेत, पावणेएकपर्यंत शून्यावर परत आला. असं वळण निसर्गात सहज सापडत नाही. आधी भरभर, मग सावकाश, मग अगदी नाइलाजानं. मी तो आलेख छापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला.

“छान आहे,” सासूबाई म्हणाल्या. “घसरगुंडी आहे का?”

मग बुधवार आला आणि काहीच झालं नाही. दिवसभर शून्य. मी जेवले नाही.

शास्त्रात चमत्कार नसतात, कारणं असतात. मी कारण शोधायला बसले. ढगाळ दिवशी आलेख परत यायला जास्त वेळ लागत होता, एकदा तर तीन वाजले. कडक उन्हाच्या दिवशी साडेअकरालाच परत. म्हणजे संबंध सूर्याशी. गच्चीचा स्लॅब तापतो, त्यावरची हवा तापते, तापलेल्या हवेच्या थरात लहरी वाकतात. मी तापमानाचे आकडे मिळवले, ढगांचे मिळवले, वाऱ्याचे मिळवले. सगळे जुळले. इतके जुळले, की मला थोडी भीतीच वाटली. बुधवारचा खुलासाही सापडला : समोरच्या रस्त्यावरचं वेल्डिंगचं दुकान बुधवारी बंद असतं. वेल्डिंगचा धूर हवेत नसल्यामुळे थर तयार होत नाही, असं मी तळटीपेत लिहिलं. रविवारी हीच घटना दोनदा व्हायची, दहा वीसला आणि मग दुपारी एकच्या सुमारास. ‘रहदारी कमी असल्याने एरवी दबून राहणारी दुसरी घटना रविवारी स्पष्ट दिसते’, पान सहा.

एक्केचाळीस दिवसांच्या नोंदी आणि अकरा पानांचा खुलासा जोडून मी अर्ज पाठवला. शीर्षक ‘सौर तापामुळे अनुकूली अँटेनाच्या दिशेत होणारे नियमित विचलन’. यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “नियमित विचलन म्हणजे आमचा साहेब.” सासूबाईंनी विचारलं, “सूर्य रोज दहा वीसलाच करतो हे?” मी म्हणाले, हो. त्या म्हणाल्या, “शिस्तीचा आहे.”

तीन आठवड्यांनी मुलाखतीला बोलावणं आलं. समितीत तिघं होते : अध्यक्षबाई, एक जाडे प्राध्यापक, आणि एक तिसरे. तिसरे संपूर्ण वेळ काही बोलले नाहीत. अध्यक्षबाईंनी आधी माझा दाखला वाचला, मग माझ्याकडे काळजीनं बघितलं आणि म्हणाल्या, “तब्येत कशी आहे आता?”

“बरी आहे.”

“दगदग झेपेल ना? पाणी घ्या.”

मी पाणी घेतलं. मग आलेख दाखवला. जाडे प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. “बुधवारी काही नाही?” मी वेल्डिंग सांगितलं. “ढगाळ दिवशी?” मी पान चार दाखवलं. त्यांनी अध्यक्षबाईंकडे बघितलं, अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे. अशी नजरानजर मी आयुष्यात दुसऱ्यांदाच माझ्याबाबतीत होताना बघत होते. पहिल्यांदा झाली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं.

“हे प्रत्यक्ष बघायला हवं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “परवा गुरुवार. सकाळी दहाला आम्ही तुमच्या गच्चीत येतो.”

घरी येऊन मी सगळ्यांना सूचना दिल्या. यांना सांगितलं, ऑफिसला वेळेवर जा. सासूबाईंना सांगितलं, “आई, गुरुवारी दहा ते अकरा गच्चीत कोणाला फिरकू देऊ नका. माझी जागा त्या एका तासावर आहे. नाही मिळाली तर परत अर्ज करता येणार नाही, वय उलटलं.”

“मी असताना कोण फिरकतंय,” सासूबाई म्हणाल्या. “तू निर्धास्त राहा.” मी निर्धास्त राहिले. हे वाक्य मला नंतर बरेचदा आठवलं.

गुरुवारी ऊन लख्ख होतं. जाडे प्राध्यापक चार जिने चढून आले म्हणून मी त्यांच्यासाठी स्टूल आणलं. अध्यक्षबाईंनी सूर्याकडे बघायला काळा चष्मा लावला. तिसरे पाण्याच्या टाकीला एक फेरी मारून आले आणि गप्प उभे राहिले. मी लॅपटॉप लिफ्टच्या खोलीच्या सावलीत ठेवला. पडद्यावर सरळ रेषा होती. दहा वाजून अठरा मिनिटं. दहा एकोणीस. जाडे प्राध्यापक हलक्या आवाजात म्हणाले, “ग्रहण बघतोय असं वाटतंय.”

दहा वीसला गच्चीचं दार कुरकुरलं.

सासूबाई आत आल्या. उजव्या हातात बादली, बादलीत डबलबेडची चादर, चादरीतून पाण्याची धार. “तुमचं चालू द्या,” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “माझं दोन मिनिटांचं काम आहे.”

आणि त्यांनी ती निथळती चादर माझ्या पाइपावर, डावीकडच्या दोन अँटेनांच्या मागून पुढे, झोकात टाकली. कडा सरळ केली. दोन्ही अँटेनांना एकेक पीळ देऊन चादर अडकवली, म्हणजे वाऱ्यानं उडायला नको.

पडद्यावरची रेषा थरथरली. चार अंश. अकरा. सतरा.

कारण आणि परिणाम एकाच वेळी, एकाच गच्चीत, हाताच्या अंतरावर बघायला मिळणं ही शास्त्राच्या विद्यार्थ्याला भाग्याची गोष्ट वाटायला हवी. मला वाटली नाही. अध्यक्षबाईंनी काळा चष्मा काढला. जाडे प्राध्यापक स्टुलावरून उठले, चादरीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, “हा सूर्य?”

“नाही,” मी म्हणाले. “या माझ्या सासूबाई.”

“नमस्कार,” सासूबाई म्हणाल्या.

“तुम्ही हे रोज करता?”

“बुधवार सोडून. बुधवारी पाणी येत नाही.”

तळटीप गेली. वेल्डिंगचं दुकान डोळ्यांसमोर येऊन गेलं.

“आणि रविवारी?”

“रविवारी दोन्ही खोल्यांच्या चादरी असतात. पहिली वाळली की दुसरी.”

पान सहा गेलं.

“ढगाळ दिवशी,” जाडे प्राध्यापक आता आवाज खाली आणून, एखाद्या साक्षीदाराला विचारावं तसं विचारत होते, “ढगाळ दिवशी जास्त वेळ का लागतो?”

सासूबाईंनी त्यांच्याकडे जरा दयेनं बघितलं. “ढगाळ दिवशी चादर लवकर वाळेल कशी, साहेब?”

मी अकरा पानांत जे सांगितलं होतं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं, आणि त्यांचं बरोबर होतं. ते सुंदर वळण, आधी भरभर, मग सावकाश, मग नाइलाजानं, ते सुती चादरीचं वाळणं होतं. आमचे कपडे गच्चीत वाळतात हे मला एकोणीस वर्षांपासून माहीत होतं. मी अंशाचे दशांश मोजले होते. कपडे गच्चीत नेमके कुठे वाळतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. संध्याकाळी मी वर जायची तेव्हा चादर घडी होऊन कपाटात गेलेली असायची.

“आई,” मी कसंबसं म्हणाले, “दोर आहे ना पलीकडे? इथेच का?”

तेवढ्यात दारातून चिटणीस आत आले. हातात पुस्तिका. त्यांनी पाइपाकडे बघितलं, चादर बघितली, समाधानानं मान हलवली आणि वहीत बरोबरची खूण केली.

“यांच्यासाठी,” सासूबाई चिटणीसांकडे बोट करून म्हणाल्या. “तू स्टँड लावलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी हे जिन्यात भेटले. म्हणाले, नोंद वाळवणाची आहे, रोज साडेदहाला फेरी मारतो, वाळवण दिसलं नाही तर स्टँड काढून टाकीन.”

“कलम चार,” चिटणीस म्हणाले. “नियम सगळ्यांना सारखा. पण आजींचा एक दिवस खाडा नाही. बुधवारची सूट मीच दिलीय.”

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“काय सांगायचं? तुझं डोकं आधीच चार ठिकाणी. आणि तूच म्हणालीस ना जेवताना, मध्ये काही आडवं आलं तर हे जुळवून घेतं म्हणून? म्हटलं, घेईल.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “आज तू कोणी येऊ नको म्हणालीस. पण आजच यांनी स्टँड काढलं असतं, पाहुण्यांसमोर, तर? म्हणून आले.”

मी समितीकडे वळले. माणसाचा अपमान व्हायचा तर निदान तो नीटनेटका व्हावा, असं मला वाटतं. “माझा खुलासा चुकीचा आहे,” मी म्हणाले. “अकराही पानं मी मागे घेते. आपल्याला चार जिने चढावे लागले याबद्दल माफी असावी. लिफ्ट बंद आहे, तेही आधी सांगायला हवं होतं.”

अध्यक्षबाईंनी पर्स खांद्याला लावली. जाडे प्राध्यापक मात्र हलेनात. त्यांनी चादर काढली. रेषा शून्यावर आली. त्यांनी चादर बादलीत बुडवली, चांगली दोन्ही हातांनी पिळली आणि पुन्हा पाइपावर टाकली. रेषा जेमतेम सहा अंश सरकली.

“असं का?” ते रेषेला विचारत होते.

“पिळलीत ना?” सासूबाई म्हणाल्या. “मी पिळत नाही. पिळली की सुरकुत्या पडतात. निथळतीच घालायची. द्या इकडे.” त्यांनी चादर पुन्हा बुडवली आणि घातली. सतरा. प्राध्यापकांनी खिशातून वही काढली. “बादलीत किती वेळ ठेवता?”

“तुम्ही लिहून घ्या. मी सांगते.”

मला वाटत होतं, जमीन दुभंगावी. पण खाली चिटणीसांचं घर होतं, आणि त्यांनी त्यालाही परवानगी दिली नसती.

“निरोप किती चुकले?”

हे कोण बोललं ते मला क्षणभर कळलं नाही. तिसरे बोलले होते. ते पडद्यासमोर वाकून उभे होते.

“कुठले निरोप?”

“प्रेषक दर सेकंदाला निरोप पाठवतो, असं तुम्ही लिहिलंय. एक्केचाळीस दिवसांत किती निरोप ऐकायचे राहून गेले? प्रस्तावात तो आकडा नाही.”

तो आकडा मी दिला नव्हता, कारण त्याचा आलेख निघत नव्हता. “शून्य,” मी म्हणाले.

“कितीपैकी?”

“पस्तीस लाख बेचाळीस हजार चारशे.”

त्यांनी पाण्याच्या टाकीकडे बोट केलं. “टाकी इथून डावीकडे किती अंशांवर?”

मी मोजलं नव्हतं. मोजायची गरजही नव्हती. “सतरा,” मी म्हणाले, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, कोणीतरी बटण दाबावं तसा. चादर आली की समोरून येणारा निरोप अडायचा. मग माझे अँटेना टाकीवर आपटून येणारा निरोप शोधून काढायचे आणि तिकडे कान लावायचे. चादर जसजशी वाळेल तसतसे परत समोर यायचे. रोज त्यांचा अर्धा कान ओल्या चादरीनं झाकला जात होता, वर पीळ देऊन आवळलाही जात होता, आणि त्यांनी एक निरोप सोडला नव्हता.

अध्यक्षबाईंनी पर्स खाली ठेवली. “म्हणजे तुमचा अँटेना उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “घरात फक्त तुम्हालाच ते माहीत नव्हतं.”

“मी तर पहिल्या दिवसापासून म्हणतेय, घेईल जुळवून,” सासूबाई म्हणाल्या.

“नवा प्रस्ताव सोमवारपर्यंत द्या. सूर्य काढा. चादर घाला.” अध्यक्षबाई जिन्यापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या. “आणि तब्येतीला जपा.”

पत्र आलं त्या दिवशी मी ते चार वेळा वाचलं. तीन जागांमधली तिसरी जागा माझी होती. खाली अट होती : प्रयोगाची परिस्थिती पुढील बारा महिने जशीच्या तशी ठेवावी, आर्द्र अडथळ्यासह. सासूबाईंना मी ते वाचून दाखवलं. “आर्द्र अडथळा म्हणजे मी का?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, चादर. त्या म्हणाल्या, “मग ठीक.” पण दिवसभर त्या यांच्याशी फोनवर जरा ताठ बोलत होत्या. प्रवेशाच्या दिवशी संस्थेतल्या कारकुनानं माझी जन्मतारीख दोनदा बघितली, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाला, “थोडक्यात वाचलात.” मी म्हणाले, “अकरा दिवसांनी.”

त्या संध्याकाळी घरी आले तर दारात हे उभे. चेहऱ्यावर असं हसू की पहिल्याच क्षणी मला धडकी भरली. “अगं, डोळे मीट,” ते म्हणाले. एकोणीस वर्षांत ते असं कधी म्हणाले नव्हते. मी डोळे मिटले. त्यांनी मला हाताला धरून मोरीपाशी नेलं.

“तू आता शिकणार. आईनं किती दिवस बादल्या उचलायच्या? मीही म्हटलं, आपण काहीतरी करावं. उघड.”

मी डोळे उघडले. कपडे धुण्याचं यंत्र होतं. पांढरं शुभ्र. वर लिहिलं होतं, ‘पिळून, वाळवून, तयार’.

“बघ, बाहेर काढलं की सरळ घडीच घालायची,” हे म्हणाले. “गच्चीत जायलाच नको! काय झालं? बोल ना. आनंद झाला ना?”

मला पडद्यावर बारा महिने लांब, सरळ, निर्जीव रेषा दिसत होती. आत यंत्र गुरगुरत होतं. ते थांबलं, शीळ घातल्यासारखा आवाज झाला आणि दिवा लागला. सासूबाईंनी झाकण उघडलं, चादर बाहेर काढली. कोरडी होती. ऊबही होती.

त्यांनी ती गालाला लावून बघितली. यांच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

“छान धुतलीय हो,” त्या यांना म्हणाल्या. “हौसेनं आणलंस.”

मग त्यांनी बादली नळाखाली लावली, नळ पूर्ण सोडला आणि ती स्वच्छ, कोरडी, गरम चादर तिच्यात बुडवली.

“अगं आई, हे काय करतेस?” हे ओरडलेच.

“उद्याची तयारी,” सासूबाई म्हणाल्या. “रात्रभर भिजली की बरोबर सतरा येतात. तू मध्ये बोलू नकोस. शास्त्र आहे ते.”